पंधरा पौंड हवा

“पुढं पातळ ट्यूबच घाल आक्का. हलकी हाय. सुटताना चाक कसं उचलून जातंय बघ.”

मी टायरवर गुडघा रोवून बसले होते आणि दोन्ही हातांत टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या होत्या. अशा वेळी माझ्याशी वाद घालू नये, हे माझ्या धाकट्या भावाला, सुकुमारला, लहानपणापासून ठाऊक होतं. पण शर्यतीच्या दिवशी त्याला काहीच ठाऊक नसायचं. मी म्हटलं, चाक उचलून जाईल आणि पहिल्याच दगडावर खाली बसेल, मग तूच खांद्यावर घालून आण. तो हसला आणि बादलीत पाणी आणायला गेला.

फेब्रुवारीतला रविवार होता. हातकणंगल्याच्या अलीकडे एका माळावर मातीचे उंचवटे आणि वळणं करून मोटारसायकलींच्या शर्यतीचा मार्ग आखला होता. दोनेकशे माणसं, एक लाऊडस्पीकर, धूळ बसवायला पाण्याचा टँकर, आणि आमच्यासारख्यांसाठी बांबूला बांधलेल्या ताडपत्र्या. माझ्या ताडपत्रीखाली हवेचा फूटपंप, मीटर, पावडरचा डबा, पॅच, आणि नेलपॉलिशची एक लाल बाटली. नेलपॉलिश मी नखांना कधी लावलं नाही, ते कशाला हवं होतं ते पुढे सांगते.

मातीत पळवायच्या गाडीला हवा कमी ठेवतात. रस्त्यावरच्या गाडीला पंचवीस-तीस पौंड भरतात, इथे बारा, फार तर चौदा-पंधरा. हवा कमी असली की टायर जमिनीवर पसरतो आणि माती धरतो. पण कमी हवेत गाडी दगडावर आदळली, तर ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटते आणि जोडीने दोन भोकं पडतात. म्हणून ट्यूब जाड हवी. आमच्याकडे मुंबईहून मागवलेल्या जाड रबराच्या दोन ट्यूबा होत्या. एक मी पहाटेच मागच्या चाकात बसवली होती. दुसरीला मागच्या शर्यतीत व्हॉल्व्हच्या अगदी बुडाशी चीर गेली होती, तिला पॅच लावून पुढच्या चाकात घालावी असं माझ्या मनात होतं.

सुकुमारने बादली आणली. ट्यूब पाण्यात बुडवली आणि व्हॉल्व्हशेजारून बारीक बुडबुडे वर आले. आम्ही दोघंही बघत राहिलो. त्या जागी पॅच टिकत नाही, हे पंचरवाल्याच्या घरात जन्मलेल्या पोराला सांगावं लागत नाही.

“पातळच घालावी लागंल,” मी म्हटलं.

“मी काय म्हणत होतो मगाधरनं?”

“तू हौसेनं म्हणत होतास. मला नाइलाजानं घालायची हाय.”

आमचं दुकान इचलकरंजीच्या रस्त्यावर. ते आण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं. त्यांना भूपाल पंचरवाले म्हणून पंचक्रोशी ओळखायची. त्या शर्यतीच्या तीन वर्षं आधी लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि पट्ट्या माझ्या हातात आल्या. सुरुवातीला लोक पंचर नसली तरी थांबायचे, बाई टायर खोलते कशी ते बघायला. मी त्यांना ट्यूब धरून उभं करायची. आठवडाभरात गर्दी हटली.

आण्णांनी आम्हा दोघांना आधी अंगठा शिकवला होता, मीटर नंतर. टायर अंगठ्याने दाबायचा आणि आकडा सांगायचा. माझा एखाददुसऱ्या पौंडाने चुकायचा. सुकुमारचा कधीच चुकत नसे. गावातली मंडळी पैजा लावायची, आणि तो डोळे मिटून चाक दाबून सांगायचा, बावीस. मीटर लावलं की बावीस. त्याला त्या अंगठ्याचा एवढा गर्व होता की मी त्याला द्रोणाचार्यांपासून लांब राहा म्हणायची.

पण शर्यतीत हवा मी ठरवायची, असा आण्णांचाच दंडक होता. त्यालाही कारण होतं. त्या दिवसाच्या दोन वर्षं आधी पठ्ठ्याने सुटायच्या रेषेवर बसून आगपेटीच्या काडीने परस्पर दोन पौंड हवा सोडली होती आणि पहिल्याच उडीत ट्यूब चिमटून घरी आला होता. आण्णांनी अर्ध्या तोंडाने, पण पूर्ण शिव्या दिल्या. तेव्हापासून मी हवा भरली, टोपी लावली, की टोपी आणि व्हॉल्व्हच्या सांध्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायची. टोपी फिरवली की ठिपका तुटणार. ठिपका पडला की हवा ठरली, मग तिला गाडी चालवणाऱ्यानेही हात लावायचा नाही. बाकीची पोरं ‘आक्काची टिकली’ म्हणून चेष्टा करायची, पण सुकुमारने ती पुन्हा कधी मोडली नाही.

चाक बसवून झाल्यावर आम्ही दोघं मार्ग चालून आलो. मोठ्या उंचवट्यावरून उडी मारून गाडी जिथे उतरणार, तिथून चार पावलांवर जमिनीतून खडकाची एक धार वर आली होती, वीतभर लांब. मी तिच्यावर चप्पल घासून पाहिली. त्याच्या पुढच्या वळणावर टँकरचं पाणी जास्त पडून वरचा थर निसरडा झाला होता. खाली जमीन टणक होती.

“बारा ठेव पुढं,” सुकुमार म्हणाला. “त्या वळणाला माती धराय पायजे.”

“आणि ती धार?”

“धार टाळतो की.”

“आठ फेऱ्यांत आठ वेळा टाळशील?”

 पातळ ट्यूब, ती धार, आणि त्याचं बासष्ट किलो वजन. मी मनात हिशेब मांडला आणि पंधरा सांगितलं. पंधराला वळणावर थोडं घसरेल, पण सांभाळता येईल. बाराला ट्यूब नक्की जाईल. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, तू म्हणशील तसं. मी पंधरा भरली, मीटर लावून बघितलं आणि टोपी नुसती हाताने फिरवून ठेवली. ठिपका नंतर देणार होते, वाळायला वेळ लागतो आणि धूळ बसते म्हणून मी तो शेवटी द्यायची.

त्या दिवशीची शर्यत एरवीसारखी नव्हती. पुण्याच्या एका संघाचे गद्रे म्हणून गृहस्थ आले होते. त्यांना एक चालक हवा होता, परदेशी बनावटीच्या खऱ्या गाडीवर बसवायला. आमची गाडी म्हणजे रस्त्यावरची जुनी टू-स्ट्रोक, सोलून, उंच करून, घरी जोडकाम केलेली. गद्र्यांच्या नजरेत दोघं होते, सुकुमार आणि मिरजेचा रियाज जमादार. दोघांत जो पुढे येईल तो पुण्याला जाणार. सुकुमार चोवीस वर्षांचा होता. या एका गोष्टीसाठी तो सात वर्षं मातीत लोळत होता आणि त्याच्या अंगावर टाके नसलेली जागा शोधावी लागत होती.

माझंही त्या दिवसाशी देणं-घेणं होतं, ते कुणी विचारलं नव्हतं. मी एकोणतीसची होते. कुडचीच्या एका शाळामास्तरांचं स्थळ आलं होतं. बायको वारलेली, मूल नाही, बोलणं सावकाश. दुकानात पंचर काढायला म्हणून आले आणि तासभर बसले. नंतर निरोप पाठवला, की मला हातांना ग्रीस लागलेलं चालतं. असं वाक्य मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. पण आण्णांना उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं, आणि दुकान. सुकुमार म्हणाला होता, हा हंगाम संपू दे आक्का, मग दुकान आणि आण्णा माझ्याकडे. मास्तर दिवाळीपर्यंत थांबायला तयार होते.

अकराच्या सुमारास गद्रे आमच्या ताडपत्रीखाली आले. स्वच्छ बूट, मऊ बोलणं. त्यांनी गाडी पाहिली, वेल्डिंगचं कौतुक केलं. निवड झाली तर बुधवारपासून पुण्यात राहावं लागेल म्हणाले, वर्षातले आठ-नऊ महिने तिथे, उरलेले देशभर शर्यती. मग त्यांनी विचारलं, टायरचं काम कोण बघतं?

“आमची आक्का,” सुकुमार छाती काढून म्हणाला. “तिनं हवा भरली की बघावं लागत न्हाई.”

“छान,” गद्रे माझ्याकडे बघून हसले. “आता यांना विश्रांती. तिकडे आमची माणसं आहेत त्या कामाला.”

ते गेल्यावर सुकुमारने मला उचलायचंच बाकी ठेवलं होतं.  नऊ महिने, आक्का. खरी गाडी, आक्का. मी त्याला आनंदात बघत होते आणि मलाही बरं वाटत होतं, ते खोटं नाही. मग मी सहज विचारावं तसं विचारलं, “आणि आण्णा?”

तो हातमोजे चढवत होता. मानही वर केली नाही.

“आण्णांचं काय, तू हाईसच की.”

त्यात दुष्टावा काही नव्हता. पाऊस पडतो, सूर्य उगवतो, तशी मी होतेच. कुडचीचं त्याच्या ध्यानातही नव्हतं, आणि आठवण करून द्यायला माझी जीभ उचलली नाही. तो हेल्मेट शोधायला गाडीच्या पलीकडे गेला. मी पुढच्या चाकापाशी बसले, टोपी काढली, पंपाची नळी लावली आणि तीनदा पाय दाबला. मीटर लावलं नाही. टोपी घट्ट फिरवली, बाटली उघडली आणि ठिपका दिला. हात स्थिर होता. ठिपका सुरेख गोल पडला, इतका चांगला मला एरवी जमत नसे.

बारा वाजता सगळे रेषेवर आले. ऊन चढलं होतं. मी दोरीपाशी उभी होते. सुटायच्या आधी सुकुमार पुढे वाकला आणि थोडा वेळ वाकलेलाच राहिला. मला वाटलं, बुटाचा पट्टा ओढतोय. मग तो सरळ झाला, माझ्या दिशेने एकदा बघितलं आणि निशाण पडलं.

तो उत्तम चालवत होता. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, तिथे उभ्या असलेल्या कुणालाही विचारा. खडकाच्या धारेवर तो दुसऱ्या फेरीत एकदा आदळला, पण ट्यूब टिकली. चौथ्या फेरीला तो पहिला होता आणि रियाज त्याच्या मागे गाडीभर अंतरावर. लाऊडस्पीकरवाला इचलकरंजीचं नाव घेऊन घसा फोडत होता. पण त्या ओल्या वळणावर दर फेरीला पुढचं चाक बाहेर सरकत होतं आणि दर फेरीला तो पाय टेकवून ते ओढून आणत होता. मी दोरी धरून उभी होते. मला वाटत होतं की धावत जावं, निशाण हिसकावावं, गाडी थांबवावी. मी जागची हलले नाही.

सहाव्या फेरीला त्या वळणावर पुढचं चाक गेलं. फरशीवर साबण सरकावा तसं गेलं. गाडी एका बाजूला आणि तो दुसऱ्या. रियाजने जिवाच्या आकांताने गाडी वळवली, पण जागाच नव्हती. त्याची दोन्ही चाकं सुकुमारच्या उजव्या गुडघ्यावरून गेली.

त्याला जीपमध्ये घातलं, तेव्हा तो शुद्धीवर होता. आक्का कुठाय, म्हणत होता. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, मी गाडी गोळा करून येते. सगळ्यांना ते खरं वाटलं. माझी गाडी, माझं सामान, बाई माणूस, धीराची. जीप गेली. मी वळणावर आडव्या पडलेल्या गाडीजवळ गेले. पुढच्या चाकावरचा ठिपका शाबूत होता. मी नखाने तो खरवडला, टोपी काढली आणि काडीने व्हॉल्व्ह दाबून धरला. सगळी हवा जाईपर्यंत धरला. माझ्या पाठच्या भावाला दवाखान्यात नेत होते आणि मी तिथे उकिडवी बसून हवा सोडत होते. माझी मला इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

पुण्याला रियाज गेला. गद्रे फळं घेऊन दवाखान्यात येऊन गेले, भले गृहस्थ होते. गुडघ्यावर तीन शस्त्रक्रिया झाल्या आणि तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, आता वाकणार नाही, पण पाय टेकेल. आण्णा खाटेवरून म्हणाले की वळण घाईनं घेतलंस. सुकुमार म्हणाला, व्हय आण्णा, घाई झाली. रियाजही येऊन रडून गेला, तेव्हाही तो तेच म्हणाला. चूक कुणाची, असा प्रश्न त्या घरात कधी निघालाच नाही. त्याने ती पहिल्याच दिवशी स्वतःकडे घेऊन टाकली होती.

मास्तरांनी दिवाळीपर्यंत वाट पाहिली आणि पुढे संक्रांतीपर्यंतही. मी निरोप पाठवला की थांबू नका. लोक म्हणाले, भावासाठी बहिणीनं संसारावर पाणी सोडलं. देवळात बायका माझ्याकडे बोट दाखवून लेकींना सांगायच्या. मी खाली मान घालून पुढे जायची आणि त्यांना तोही माझा चांगुलपणा वाटायचा.

आण्णा चौथ्या वर्षी गेले. दुकान आम्ही दोघं बघतो. सुकुमारने पुन्हा कधी गाडीला टांग मारली नाही. तो लाकडी स्टुलावर पाय लांब करून बसतो, ट्यूबा तपासतो, हवा भरतो. त्याच्यात एक बदल झाला होता, तो माझ्या ध्यानात आला होता, पण त्यामागे काही असेल असं वाटलं नव्हतं. तो प्रत्येक चाकाला मीटर लावतो. मोटारीला, स्कूटरला, शाळेतल्या पोरांच्या सायकलीलासुद्धा. पोरं हसतात. मला वाटायचं, वय झालं की माणूस काटेकोर होतो.

या जानेवारीत, म्हणजे त्या रविवारला बावीस वर्षं होत आली तेव्हा, परगावचे एक चाळिशीचे गृहस्थ पिकअपमध्ये डोंगरात चालवायची नवीकोरी गाडी घालून आले. आंब्याच्या घाटाकडे निघाले होते. हवा किती ठेवू, म्हणून विचारलं. सुकुमारने ट्यूब जाड की पातळ ते विचारलं, माती की दगड ते विचारलं, त्यांचं वजन विचारलं. मग पुढे चौदा, मागे तेरा सांगितली आणि मीटर लावून भरली. गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे एक म्हातारा होता, तो नुसत्या अंगठ्याने सांगायचा.

“माझ्या अंगठ्याचा भरवसा न्हाई,” सुकुमार म्हणाला.

ते गेले. दुपारची वेळ होती, रस्त्यावर कुणी नव्हतं. मी टोप्यांचा डबा निवडत होते. तो मीटरची काच सदऱ्याला पुसत बसला होता, आणि पुसता पुसताच बोलायला लागला.

“त्या दिवशी रेषेवर बघितलं होतं मी दाबून.”

“काय?”

“पुढचं चाक. बसल्या बसल्या वाकून. लई टणक लागलं आक्का. सतरा-अठरा लागलं.” तो मीटरकडेच बघत होता. “टोपीवर हात गेला होता माझा. सोडावी म्हटलं तीनेक पौंड. सेकंदाचं काम.”

माझ्या हातातली टोपी डब्यात पडली.  मग मी विचारलं, “मग सोडली का न्हाईस?”

“तुझा ठिपका होता की.” तो हे असं म्हणाला, जणू यापेक्षा साधी गोष्ट जगात नाही. “म्हटलं, आक्कानं मीटर लावून भरलीया. आपलाच अंगठा चुकला असंल, घाबरून. तवापासनं जीव धजत न्हाई अंगठ्यानं सांगायला.”

पंधरा पौंडांपर्यंत माझ्याकडे कारण होतं. पातळ ट्यूब, खडकाची धार, कुठल्याही पंचरवाल्याला पटेल असं. पुढच्या तीन पौंडांना नव्हतं. ते तो घसरावा म्हणून होते. पडावा म्हणून नाही, नुसता थोडा मागे राहावा, दुसरा यावा, घरी यावा. मी हे मोठ्याने कधी उच्चारलं नव्हतं, देवापुढेही नाही. आता ते सगळं सांगायला मी तोंड उघडलं.

त्याने मीटर खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत संशय असता, तर मी सांगून टाकलं असतं. शपथेवर सांगते, सांगितलं असतं.

“किती भरली होतीस गं तू?”

“पंधरा,” मी म्हणाले.

त्याने मान हलवली.

“तेच म्हटलं,” तो म्हणाला.

समोर एक सायकल येऊन थांबली. तो भिंतीला धरून उठला, पाय ओढत तिच्यापर्यंत गेला आणि मागच्या चाकाला मीटर लावलं.